ट्रेकसाठी हलके आखूड गेटर: कोणते घ्यावेत आणि कोणी जपून वापरावेत

पावसाळा ओसरल्यापासून होळीपर्यंत सानपाड्यातल्या आमच्या दवाखान्यात पायांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये ट्रेकहून आलेल्यांचा एक वेगळा गट असतो. कोणी कर्नाळ्याला गेलेले असते, कोणी कलावंतिणीला, तर कोणी फक्त खारघरच्या टेकडीवर. वय बहुधा पंचेचाळीसच्या पुढे. बऱ्याच जणांनी निवृत्तीनंतर किंवा रक्तात साखर निघाल्यावर चालायला सुरुवात केलेली असते. टाचेला फोड, घोट्याजवळ रुतलेले कुसळ, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या ही त्यांची नेहमीची दुखणी. हल्ली त्यासोबत एक प्रश्नही असतो: "डॉक्टर, ग्रुपमधले बरेच जण गेटर घालतात. मीही घेऊ का? कोणते घेऊ?"

थोडक्यात उत्तर असे. सह्याद्रीत पावसाळा सोडून चालायचे असेल, तर घोट्यापर्यंतचे, हवा जाऊ देणारे हलके गेटर उपयोगी पडतात. बुटात खडे, माती आणि कुसळे जाऊ न देणे एवढेच त्यांचे काम आहे. पाणी, जळवा आणि साप यांच्यासाठी ते बनवलेले नाहीत. मधुमेह असलेल्यांना त्यांचा फायदा सर्वांत जास्त होतो, आणि चुकीचे गेटर घेतले तर त्रासही त्यांनाच जास्त होतो.

गेटर म्हणजे काय?

बुटाचा वरचा काठ आणि पायाचा खालचा भाग झाकणारी कापडी नळी म्हणजे गेटर. पूर्वी सैनिक आणि पोलीस पोटरीला लोकरीची किंवा सुती पट्टी गुंडाळत. इंग्रजांनी आपल्याकडचा "पट्टी" हा शब्दच उचलून तिला "पुटी" म्हटले. गेटर हा त्याच कुळातला प्रकार आहे. लांब गेटर गुडघ्याच्या खालपर्यंत येतात. ते हिमालयातल्या बर्फासाठी आणि ओल्या चिखलासाठी असतात, आणि कापड जाड, पाणी अडवणारे असते. आखूड गेटर घोट्याच्या जरा वर थांबतात. त्यांची जोडी बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच भरते आणि घडी करून खिशात मावते.

बुटात गेलेला खडा एवढा महत्त्वाचा का?

फोड येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: घर्षण, ओलावा आणि वेळ. बुटात एक बारीक खडा गेला की त्वचेवर एकाच जागी दाब पडतो. घामाने मऊ झालेल्या त्वचेचे वरचे आणि खालचे थर एकमेकांवर घसरतात, आणि मधल्या जागेत पाणी भरते. निरोगी माणसाला तो खडा दहा पावलांत बोचतो. तो थांबतो, बूट काढून झटकतो आणि पुढे जातो.

बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांतल्या नसा मंदावलेल्या असू शकतात. त्याला तो खडा बोचतच नाही. मुरमाड घसाऱ्यावरून तीन तास उतरून तो घरी येतो, मोजा काढतो आणि मोज्यावर डाग दिसतो तेव्हा जखम कळते. अशी जखम भरायला आठवडे लागतात. तिच्यात जंतुसंसर्ग झाला आणि पायाचा रक्तपुरवठाही कमी असला, तर गोष्ट बोट काढण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून मधुमेहाच्या रुग्णांना गेटर घ्यायला सांगताना मी त्याला हौशीची वस्तू समजत नाही.

कुसळांचे तसेच. सप्टेंबर ते डिसेंबर आपल्या डोंगरांवर गवत कमरेएवढे होते आणि वाळू लागते. कुसळी गवताचे बी भाल्यासारखे टोकदार असते. त्याच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात आणि शेपटी ओली-सुकी होताना पिळत जाते. त्यामुळे ते मोज्यात शिरते, पुढेच सरकते, मागे येत नाही. काढताना टोक तुटून आत राहिले तर दोन-तीन दिवसांनी तिथे पू धरतो. ट्रेक करणाऱ्यांना कुसळांची इतकी सवय झालेली असते की हेही दुखणे आहे असे कोणी मानत नाही.

गेटर घेण्याआधी एकदा आपला बूट पाहा. नाडीखालची जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असेल, तर समोरून खडे जात नाहीत. ती सुटी असेल, तर बाजूच्या फटींतून सगळे आत जाते. बूटच एक नंबर लहान असेल किंवा मोजा सुती आणि सैल असेल, तर गेटर घालूनही फोड येणारच.

हवेशीर कापडच का?

बाजारात "वॉटरप्रूफ" लिहिलेले गेटर दिसले की ते जास्त चांगले असणार असे वाटते. आपल्या हवेत ते बहुतेक वेळा उलटे ठरते. पाणी बाहेर अडवणारे कापड आतली वाफही अडवते. पनवेल, कर्जत, नेरळ या पट्ट्यात हिवाळ्यातही दुपारी चांगला घाम येतो. घोट्याभोवती प्लास्टिकसारखे आवरण असले की घाम मोज्यात उतरतो. तळवा ओला राहतो आणि फोडांना आयते आमंत्रण मिळते. त्यातून चिखल्या, तळव्याला बारीक खड्डे पडून येणारा उग्र वास, घोट्यावर घामोळ्या असे प्रकार सुरू होतात.

दुकानात करता येण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. गेटरचे कापड ओठांवर घट्ट धरून त्यातून फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या हाताला हवा लागली, तर कापड हवेशीर आहे. फुंकर अडलीच, तर त्याला आतून लेप दिलेला आहे. पुठ्ठ्यावर काहीही छापलेले असो, मी या फुंकरीवर जास्त भरवसा ठेवीन.

घेताना काय पाहावे?

कापडाचे साधारण दोन प्रकार मिळतात. पहिला ताणणारा, लायक्रा मिसळलेला. तो घोट्याला छान बसतो, सर्वांत हवेशीर असतो आणि धुतला की तासा-दोन तासांत वाळतो. पण करवंदीच्या जाळीत किंवा बोरीच्या काट्यात अडकला की त्याचे धागे निघतात. दुसरा न ताणणारा, पातळ विणीचा नायलॉन. तो काट्यांना जरा जास्त टिकतो, हवा थोडी कमी जाते, आणि माप चुकले तर सैल राहून फडफडतो. खुल्या पायवाटेवर आणि घसाऱ्यावर चालणाऱ्याने पहिला घ्यावा. झाडीतून वाट काढत जाणाऱ्यांना दुसरा बरा.

मग बांधणी. बहुतेक गेटरना पुढे एक छोटा हुक असतो. तो नाडीच्या सर्वांत खालच्या पेडात अडकवतात. हुक धातूचा असावा, प्लास्टिकचा लवकर तुटतो. मागच्या बाजूला दोन पद्धती असतात. एकात टाचेवर वेल्क्रोचा तुकडा चिकटवतात. आपल्या तांबड्या मातीत आणि चिखलात त्याचा गोंद फार काळ टिकत नाही, शिवाय वेल्क्रोत कुसळे भरून बसतात. दुसऱ्यात बुटाच्या तळाखालून पट्टा किंवा दोरी जाते. ती टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोलगट भागात बसली पाहिजे. तळ सपाट असेल तर दोरी दगडावर घासून काही ट्रेकमध्ये तुटते. मला तरी तळाखालचा पट्टा, तोही बदलता येणारा, जास्त व्यवहारी वाटतो. बाजूला चेन असलेले आखूड गेटर टाळावेत. चेनीत माती बसली की ते निघता निघत नाहीत.

वरचे इलास्टिक हा डॉक्टरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. घोट्याचा घेर संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर मोजा, कारण पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. गेटर घातल्यावर इलास्टिकखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. अर्धा तास घालून काढल्यावर त्वचेवर खोल वळ उठला, तर तो गेटर तुमच्यासाठी नाही. आतून हात फिरवून शिवणही तपासा. जाड शिवण घोट्याच्या हाडावर आली, तर ज्या फोडासाठी गेटर घेतला तोच फोड गेटरमुळे येईल.

रंग फिका निवडा. काळा रंग मळखाऊ असतो हे खरे, पण फिक्या कापडावर चढणारी गोचीड किंवा जळू दिसते.

आणि खर्च करायचाच नसेल तर? जुन्या, ताणलेल्या क्रिकेटच्या मोज्याचा पावलाचा भाग कापून टाका. उरलेली नळी आधी पायात चढवा, मग बूट घाला आणि नळी बुटाच्या काठावर ओढून घ्या. चार-पाच ट्रेक निभतात. गेटर आपल्याला सोसतो की नाही हे पाहण्यासाठी पहिल्यांदा हेच करून बघावे, असे मी सांगतो.

पावसाळ्यात उपयोग होतो का?

फारसा नाही. जून ते सप्टेंबर आपल्या वाटा म्हणजे ओढेच असतात. पाणी बुटाच्या वरून, जाळीतून, नाडीच्या भोकांतून, सगळीकडून येते. अशा वेळी पाणी लवकर बाहेर जाणारा बूट, पातळ सिंथेटिक मोजा आणि सॅकमध्ये कोरड्या मोज्यांची एक जोडी हेच कामाचे. पाय कित्येक तास सतत ओले राहिले, तर तळव्याची त्वचा पांढरी, सुरकुतलेली आणि दुखरी होते. दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हा बूट-मोजे काढून पाय पंधरा-वीस मिनिटे कोरडे ठेवले तरी बराच फरक पडतो.

लेप्टोस्पायरोसिस गेटरने टळतो असा समज मी ऐकला आहे. तो चूक आहे. उंदीर आणि गुरांच्या लघवीतले जंतू पाण्यातून आणि चिखलातून त्वचेवरच्या खरचटलेल्या जागी शिरतात, आणि हवेशीर कापडातून पाणी तर जातेच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती, त्यामुळे शहरात त्याची भीती आहे. डोंगरातल्या गुरांच्या वाटा आणि भातखाचरेही त्याला अपवाद नाहीत. पायाला जखम असताना अशा पाण्यातून बराच वेळ चालला असाल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा. गरज असल्यास प्रतिबंधक गोळी देता येते.

जळवांबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यांची भीती खऱ्या धोक्यापेक्षा मोठी असते. आंबोली, राधानगरी, कोयनेच्या खोऱ्यातले वासोट्याचे जंगल इथे त्या हमखास भेटतात. आखूड गेटरमुळे त्यांची बुटात शिरण्याची एक वाट बंद होते. पण त्या गेटरवरून सरळ वर चढतात आणि सैल विणीच्या कापडातूनही तोंड घालतात. त्यांच्यासाठी वेगळे, दाट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात. ते आतल्या मोज्यावर आणि पँटवर चढवून मग बूट घालायचे. जळू चिकटलीच, तर नखाने किंवा एखाद्या कार्डाच्या कडेने आधी तिचे बारीक टोक त्वचेवरून सरकवून सोडवा, मग जाड टोक. मीठ, तंबाखू किंवा काडीचा चटका यांमुळे ती पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, म्हणून इवल्याशा जखमेतून काही तासही रक्त झिरपते. जखम साबणाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने पंधरा-वीस मिनिटे दाबून धरा. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांना याहून जास्त वेळ लागेल. त्यासाठी स्वतःहून गोळी बंद करू नका.

गोचीड आणि माकडताप

इथे मात्र गेटरचा खरा उपयोग आहे. माकडताप हा विषाणूचा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका ट्रेकचा हंगाम. गोचिडीची पिल्ले खसखशीएवढी असतात. ती पाचोळ्यातून आणि गवतातून पायावर चढतात.

या भागात जाणाऱ्यांनी लांब पँट मोज्यात खोचावी आणि वरून फिक्या रंगाचा गेटर चढवावा, म्हणजे खालून वर जायला फट उरत नाही. डास-कीटकांसाठीचे मलम उघड्या त्वचेला लावा. त्यात डीट असेल, तर ते लायक्राच्या कापडाला आणि प्लास्टिकला खराब करते, म्हणून गेटरवर चोळू नका. जंगलात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका. गावच्या आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा.

स्क्रब टायफस पसरवणारे कीटक तर याहूनही लहान असतात. २०१८ च्या पावसाळ्याअखेर नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. चावल्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली पडते, दुखत नाही, आणि बहुतेकदा कमरेच्या पट्ट्याखाली, जांघेत किंवा काखेत असल्यामुळे रुग्णाच्या लक्षातच येत नाही. हा आजार वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो.

सापापासून संरक्षण?

मिळत नाही. घोणस किंवा फुरशाचा दात या कापडातून आरपार जातो. काठी आपटत चालणे, पाय कुठे टाकतो ते पाहणे आणि अंधारात विजेरी वापरणे हाच उपाय. दंश झालाच, तर त्या पायाचा गेटर आणि बूट लगेच काढा. सूज वाढली की त्यांचाच फास बसतो. पाय हलू देऊ नका, आवळून काहीही बांधू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस असलेले रुग्णालय गाठा.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली जो भाग आहे त्याला वैद्यकशास्त्रात "गेटर एरिया" असेच म्हणतात. शिरांमधले रक्त वर चढायला अडचण असलेल्या रुग्णांची त्वचा नेमकी याच भागात, विशेषतः आतल्या बाजूला, तपकिरी, पातळ आणि खाजरी होते. तिथेच न भरणारे व्रण होतात. पायांवर फुगलेल्या शिरा असतील आणि हा रंग दिसत असेल, तर तिथे घट्ट इलास्टिक घासू देऊ नका. गेटर म्हणजे शिरांसाठी डॉक्टर देतात तो दाबाचा मोजाही नव्हे. त्या मोज्यात दाब घोट्याला जास्त आणि वर कमी असा मोजून दिलेला असतो, तर गेटरचे इलास्टिक एकाच जागी आवळते.

मधुमेह असेल, तर पहिल्या ट्रेकआधी पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक ठरावीक धागा तळव्याला टेकवून ही तपासणी दोन मिनिटांत होते. संवेदना कमी निघाली, तर चढाई आणि घसारा टाळून सपाट वाटेवर चालावे. गेटर जरूर घालावा, पण दर तासाला बूट-मोजे काढून तळवा डोळ्यांनी पाहावा. वाकता येत नसेल तर सोबत्याला पाहायला सांगा, किंवा मोबाइलने फोटो काढा. चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागत असेल, तर आधी पायांचा रक्तपुरवठा तपासा. हत्तीपायाची सूज असलेल्यांनी इलास्टिकचे गेटर वापरू नयेत.

एक वेगळे पुरळही सांगून ठेवतो. पन्नाशीच्या पुढच्या लोकांना उन्हातून बराच वेळ चालल्यावर मोज्याच्या वर, पोटरीवर लाल-जांभळे चट्टे येतात. लोक ती गेटरची किंवा गवताची अॅलर्जी समजतात. गंमत म्हणजे मोज्याखालची त्वचा बहुधा स्वच्छ असते. हे उष्णतेत बारीक रक्तवाहिन्यांना आलेल्या सुजेमुळे होते, आणि पाय वर ठेवून विश्रांती घेतली की साधारण आठ-दहा दिवसांत जाते. पुरळ मात्र बरोबर गेटरच्या पट्ट्याएवढेच असेल, खाजत असेल, तर रबराची अॅलर्जी असू शकते.

घरी आल्यावर

गेटर उलटे करून साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. चेंबूरच्या गाडीत अंगावरच वाळवत आलो असे सांगणारेही भेटतात, त्यांच्या चिखल्या कधी बऱ्या होत नाहीत. अंघोळीच्या वेळी तळवे, बोटांच्या बेचक्या, घोटे, गुडघ्यामागची जागा, जांघा आणि काखा नीट पाहा. गोचीड चिकटलेली असेल, तर बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा, चिरडू नका, आणि तारीख लिहून ठेवा. न फुटलेला फोड फोडू नका. फुटलाच तर वरची त्वचा न कापता धुऊन कोरडी पट्टी लावा. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर जखम झाल्यावर विचारून घ्या.

डॉक्टरांकडे कधी यावे?

मधुमेहाच्या रुग्णाने पायावर कोणतीही जखम किंवा फोड दिसताच, न दुखणाराही, त्याच दिवशी यावे. इतरांनी जखमेभोवती लाली पसरत असेल, पू किंवा ताप आला, कुसळाचे टोक आत राहिले असेल, किंवा जळवेच्या जखमेतले रक्त दाबून ठेवूनही थांबत नसेल तर यावे. ट्रेकनंतर तीन-चार आठवड्यांत ताप आला, सोबत अंग किंवा पोटऱ्या फार दुखत असतील, डोळे लाल असतील किंवा लघवी कमी होत असेल, तर तपासणीला उशीर करू नका. येताना कोणत्या जंगलात, कोणत्या तारखेला गेला होता, पाण्यातून चाललात का, गोचीड सापडली होती का, हे कागदावर लिहून आणा. मलेरिया आणि डेंग्यूच्या पलीकडे कोणत्या तपासण्या करायच्या हे त्यावरून ठरते.